हरळीतली एकतीस पावलं

“हात नका लावू मॅडम. आधी नीट बघा,” खराडे सर म्हणाले.

मी गुडघे टेकून बसले. समोर मैदानावरच्या हिरव्यागार हरळीत एक पाऊल उमटलं होतं. चिखलात उमटतं तसं दबलेलं नव्हे. गवत जागच्या जागी ताठ उभं होतं, फक्त पावलाच्या आकारात पिवळं पडलं होतं. अंगठा, चार बोटं, चवडा, टाच, सगळं कसं कातरून ठेवल्यासारखं. अनवाणी डावं पाऊल. त्याच्या पुढे उजवं, त्याच्या पुढे पुन्हा डावं. ती पिवळी रांग मैदानात आत गेली होती आणि फिकी होत होत हिरव्यात विरली होती.

“एकतीस आहेत,” सर म्हणाले. “मी मोजली. परवा शनिवारी संध्याकाळी मी इथंच फक्कीनं पांढऱ्या रेघा मारत होतो. तेव्हा एकही दिसलं नाही.”

“आणि काल?”

“काल रविवार. कोण येतंय ग्राउंडवर? आज सकाळी शिपाई बोंबलत आला, भूत चालून गेलं म्हणून.”

ही १९९१ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला पाच महिने झाले होते. वय चोवीस. मैदानाला लागूनच मुलींचं वसतिगृह होतं आणि त्यातली एक खोली मला राहायला मिळाली होती. खराडे सर खेळाचे शिक्षक. विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धा पहिल्यांदाच आमच्या कॉलेजात व्हायच्या होत्या आणि त्यांना नऊ दिवस उरले होते. दोन वर्षं पाणी घालून, कापून, वेचून त्यांनी हे गवत तयार केलं होतं. ते पावलांकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांच्या अंगावरच चालून गेलंय.

तेवढ्यात प्राचार्य डुबल आले. मागोमाग शिपाई आणि चार-दोन रिकामटेकडी पोरं.

“काय मुळगुंद मॅडम, रोग पडलाय का?”

“पावलाच्या आकाराचा रोग नसतो सर,” मी म्हणाले.

पोरं हसली. प्राचार्य हसले नाहीत. “मग काय आहे ते मला कळलं. बाबालालला बोलवा.”

बाबालाल मुलाणी मैदानाचे माळी होते. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, पाठीत जरा वाकलेले. पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

“परवाच्या आधीच्या शनिवारी भिंतीच्या कडेनं तणनाशक कुणी मारलं?”

“म्या मारलं साहेब. तुम्हीच म्हणाला हुता, पाव्हणं यायच्या आत गाजरगवत घालवा म्हणून. सांजंला वारं पडल्यावर मारलं.”

“आणि गळका पंप पाठीला लावून ग्राउंडवरनं फिरलास.”

“न्हाई साहेब. पंप गळत न्हाई. आन मी आत पाऊल टाकलं न्हाई.”

“मग ही पावलं कुणाची?”

मामांनी पावलांकडे पाहिलं. मग प्राचार्यांच्या बुटांकडे. “ठावं न्हाई.”

“तू चोवीस तास इथं राहतोस आणि तुला ठाऊक नाही?” प्राचार्य माझ्याकडे वळले. “मॅडम, बुधवारी मला लेखी द्या, हे कशानं झालं ते. याचा हलगर्जीपणा असेल तर याला मी ठेवणार नाही.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मामांची काळजी माझ्या मनात दुसऱ्या नंबरला होती. मला त्या पावलांचं वेड लागलं होतं. पाच महिने मी फळ्यावर पानांच्या आकृत्या काढत होते. आज पहिल्यांदा कुणीतरी मला एक खरंखुरं कोडं घातलं होतं.

दोन तास संपल्यावर मी खुरपं आणि डबा घेऊन परत गेले. एका पावलाच्या अंगठ्यातून हरळीचे चार फुटवे खणून काढले आणि प्रयोगशाळेत भिंगाखाली धरले. मला वाटलं होतं सगळी पानं करपलेली असतील. तसं नव्हतं. खालची, जुनी पानं अजून बरीचशी हिरवी होती. पिवळं पडलं होतं ते मधलं, कोवळं पान. पोंगा चिमटीत धरून उलगडला, तर आतलं न उमललेलं पान जवळजवळ पांढरं निघालं.

म्हणजे वरून काही सांडून गवत जळलं नव्हतं. रॉकेल, डिझेल, ॲसिड, यांतलं काहीही सांडलं की जिथे पडेल तिथलं पान दुसऱ्या दिवशी करपतं, जुनं आधी. आणि काही तणनाशकं अशी असतात की ती रुंद पानांची झाडं वेडीवाकडी पिळून काढतात, पण गवताला धक्का लावत नाहीत. हे त्यातलं नव्हतं. हे पानावर पडल्यावर पानानं ते निमूट आत घेतलं होतं, आपली साखर जिकडे पाठवतं तिकडेच, वाढत्या टोकाकडे पाठवून दिलं होतं. तिथे नवीन पान घडायचं थांबलं होतं. अशा औषधाला घाई नसते. आठवडाभर गवत बाहेरून हिरवंच दिसतं.

आठवडाभर! मी भिंग खाली ठेवलं आणि तशीच मैदानाच्या भिंतीकडे निघाले.

भिंतीच्या कडेला मामांनी औषध मारलेला हातभर रुंदीचा पट्टा होता. त्यात गाजरगवतही होतं आणि हरळीही. पट्ट्यातली हरळी उपटून मी पोंगा उलगडला. तसाच पांढरा. खालची पानं तशीच अर्धवट हिरवी. दोन्ही फुटवे शेजारी ठेवले तर कुठला कुठून आणलाय हे मलाच सांगता आलं नसतं. एकच औषध आणि एकच दिवस. परवा शनिवारी खराडे सरांना पावलं दिसली नाहीत कारण ती तेव्हा उमटायची होती. पडून मात्र आठ दिवस झाले होते.

मग मी पट्ट्यापासून पावलं पुन्हा पाहिली. सगळ्यात गडद पाऊल पट्ट्याला लागून. दुसरं त्याहून कमी. असं एकतिसाव्यापर्यंत. तळव्याला लागलेलं औषध पावलागणिक पुसत गेलं होतं. म्हणजे चालणारं माणूस पट्ट्यावरून मैदानात गेलं होतं, मैदानातून पट्ट्याकडे नव्हे. आणि पट्टा ओला असताना गेलं होतं. त्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी, नाहीतर रविवारी पहाटे, दंवानं औषध पुन्हा ओलं झालेलं असताना.

मंगळवारी मी खराडे सरांना मोजपट्टी घेऊन बोलावलं. त्यांनी टोक धरलं, मी आकडे लिहिले. पहिल्या तीन पावलांत दोन-दोन फुटांचं अंतर. मग अडीच. मग साडेतीन. बाराव्यापाशी ते उकिडवे बसले आणि त्यांनी गवतावर हात फिरवला.

“मॅडम, टाच कुठाय?”

मी पाहिलं. टाच नव्हती. तिथून पुढे फक्त चवडे आणि बोटं.

“आणि ही ढांग बघा. साडेपाच फूट. ही साडेपाच. हीपण.” ते उठले. त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. “हे चालणं नाही. हे धावणं आहे, आणि धावायची सवय असलेल्या माणसाचं आहे. पाय बघा, एका रेषेत पडतात. माझ्या टीममधल्या दोघी सोडल्या तर असं कुणी पळत नाही.”

“दोघी? मुली?”

“पाऊल लहान आहे ना. नऊ इंचसुद्धा नाही.”

“सर, म्हणजे सोळा लिटरचा पंप पाठीला लावून…”

“छे! असं कोण पळेल?” ते म्हणाले, आणि आम्ही दोघं मूर्खासारखे हसलो.

मामा सुटले होते. मी रात्री जेवणानंतर बसून अहवाल लिहिला. तीन पानं. शेवटचा परिच्छेद लिहिताना तर मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. पहिलं पाऊल भिंतीत जे लहान दार आहे, त्याच्या बरोबर समोर आहे, असं मी लिहिलं. ते दार मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या अंगणात उघडतं. म्हणून धावणारी व्यक्ती वसतिगृहातून आली असली पाहिजे.

बुधवारी प्राचार्यांनी पहिली दोन पानं भराभर वाचली आणि तिसऱ्यावर थांबले. शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

“म्हणजे वसतिगृहातली मुलगी. पहाटे. दार उघडून बाहेर.”

“हो सर, पण मुद्दा असा की मामांचा पंप…”

“पंप राहू द्या हो.” त्यांनी चष्मा काढला. “पहाटे अंधारात आपल्या वसतिगृहातली मुलगी ग्राउंडवर येते आणि तिथं तो बाबालाल एकटा असतो. आणि तो म्हणतो मला ठाऊक नाही. हे तर पंपापेक्षा वाईट आहे, मॅडम.”

“सर, ती धावत होती. फक्त धावत होती.”

“कशासाठी धावत होती ते उद्या कळेल. सकाळी नऊ वाजता साठच्या साठ मुली ग्राउंडवर आणा. एकेकीचा पाय त्या पावलात ठेवून बघू. बाबालालनं तोवर नाव सांगितलं तर ठीक, नाहीतर मी संस्थेला कळवून त्याला काढतो. पोलिसांचं मग संस्था बघेल.”

मी अहवाल परत मागितला असता तर? तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यांनी दिला नसता.

संध्याकाळी मी पंपाच्या खोलीकडे गेले. मामा रबरी नळीची भेग सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधत होते.

“मामा, कोण धावत होतं ते तुम्हाला माहीत आहे ना?”

“व्हय,” ते म्हणाले.

“मग सांगत का नाही?”

“बसा मॅडम.” त्यांनी उलटी बादली पुढे सरकवली. “सांगून काय हुईल? पहाटं अंधारात बाईमाणूस ग्राउंडवर, आन तिथं ह्यो बाबालाल मुलाणी एकटा. माझ्या तोंडनं नाव निगालं की लोक काय पावलं मोजत बसनार न्हाईत. ते दुसरंच काय तरी मोजत्यात.”

“पण उद्या ते मुलींना रांगेत उभं करणार आहेत.”

“ऐकलं मी.”

“तुमची नोकरी जाईल.”

“जाईल. मी कुटं बी खुरपं धरीन. तिनं कुटं जायचं?” त्यांनी गाठ आवळली. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले, “तुमच्या कागदानं माझा पंप सोडवला मॅडम. पर त्यो सुटला आन हे गळ्यात आलं. तुमी काय वाईट मनानं केलं न्हाई. म्हाईत हाय मला.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिथून मी थेट वसतिगृहाच्या रेक्टरकडे गेले. कमलिनी बर्गे. चव्वेचाळीस वर्षांच्या, कडक खळीची सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सहाच्या आधी कुणी बाहेर पडायचं नाही आणि सातनंतर कुणी बाहेर राहायचं नाही, हा त्यांचा नियम. मुली त्यांना ‘संचारबंदी’ म्हणायच्या. पाच महिन्यांत मी त्यांच्याशी जेवणाच्या वेळा सोडून काही बोलले नव्हते. त्या टेबलाशी बसून हजेरीपट भरत होत्या.

मी सगळं सांगितलं. पान, पट्टा, ढांग, दार. त्या ऐकत राहिल्या. मधेच म्हणाल्या, “थांबा. गवत आठ दिवस हिरवंच राहिलं?”

“हो बाई.”

“आणि पाऊल आधीच पडलेलं होतं.”

“हो.”

“बरं. पुढे?”

पुढे मी प्राचार्यांचा हुकूम सांगितला. साठ मुलींचे पाय. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“बाई, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते? कुणी मुलीनं ती घेतली असेल का? आपल्याला आजच कळलं तर मी तिच्याशी बोलेन, उद्याचं सगळं टळेल.”

“किल्ली माझ्याच कमरेला असते. रात्री उशाखाली. कुणी मुलीनं घेतलेली नाही.”

“मग दार उघडलं कसं?”

“सकाळी किती वाजता म्हणाले प्राचार्य?”

“नऊ.”

“मुलींना काही सांगू नका. त्यांना जेवू द्या,” त्या म्हणाल्या आणि हजेरीपट पुन्हा उघडला. त्यांना माझ्याशी बोलायचं नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

गुरुवारी नऊला मैदानावर प्राचार्य, खराडे सर आणि मी होतो. चार हातांवर बाबालाल मामा, टोपी हातात. पावलं आता कालच्याहून पिवळी झाली होती. पहिली सात-आठ तर तपकिरीकडे झुकली होती. वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्यांत मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या, पण खाली एकही नव्हती.

भिंतीतलं लहान दार उघडलं आणि बर्गेबाई एकट्या बाहेर आल्या. दार त्यांनी नीट ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि पट्टा ओलांडून आमच्याकडे आल्या.

“मुली कुठायत बाई?” प्राचार्यांनी विचारलं.

“मुलींची गरज नाही. हे पाय माझे आहेत.”

मग प्राचार्यांनी समजूत काढायचा आवाज लावला. “बाई, तुम्हाला मुलींची काळजी आहे, मी समजू शकतो. पण त्यांना असं पाठीशी घालून…”

बाईंनी चपला काढल्या आणि पहिल्या पावलात डावा पाय ठेवला. बोटांत बोटं बसली.

“असा पाय कुणाचाही असेल,” प्राचार्य म्हणाले. “माझ्या मिसेसचा असेल. बाई, ही पावलं धावणाऱ्याची आहेत. खराडे सरांनी मोजलंय. साडेपाच फुटांची ढांग. तुम्ही या वयात, साडी नेसून…”

बाईंनी खराडे सरांकडे पाहिलं. “कितव्या पावलापासून साडेपाच?”

“बाराव्या,” सर म्हणाले.

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. पदर कमरेला आवळून खोचला. वाकून निऱ्या गुडघ्यांपर्यंत वर घेतल्या, मागे काष्ट्यासारख्या ओढून घट्ट खोवल्या. हे सगळं त्यांनी इतक्या सवयीनं केलं, की मला तिथेच कळलं. त्या दोन पावलं मागे गेल्या, भिंतीला पाठ लावून क्षणभर उभ्या राहिल्या आणि निघाल्या.

डावं, उजवं, डावं. पहिली काही पावलं सावकाश, मग लांब, मग आणखी लांब. बाराव्या पावलाला त्यांची टाच उचलली गेली ती पुन्हा टेकलीच नाही. प्रत्येक पाय पिवळ्या खुणेत पडत होता. एखादा बोटभर इकडे, एखादा तिकडे. पण पडत होता. चालत जाऊन त्या खुणांवर पाय ठेवताच आला नसता, कुणालाही. हे प्राचार्यांना कळल्याचं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. खराडे सर ओठातल्या ओठात मोजत होते. एकोणतीस, तीस, एकतीस.

खुणा संपल्या. बाई थांबल्या नाहीत. डाव्या हाताला वळून त्या फक्कीच्या रेघेला लागल्या आणि तशाच पुढे गेल्या, कोपर हलके वाकवलेले, मान ताठ, सगळं मैदान फिरून. खिडक्यांतून कुणीतरी एकीनं ‘बाई!’ अशी किंकाळी मारली आणि साठही जणी ओरडायला लागल्या. मी वळून मामांकडे पाहिलं. ते आमच्याकडे पाठ करून, पंपाच्या खोलीकडे तोंड करून उभे होते.

पुरी फेरी मारून बाई परत आल्या. दम लागला होता, पण फार नाही. निऱ्या सोडल्या, पदर खांद्यावर घेतला.

“तुम्ही… हे रोज?” प्राचार्य म्हणाले.

“रोज. अकरा वर्षं झाली.”

“पण का?”

“का म्हणजे?” बाईंनी विचारलं. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

“पण नियम आहे ना,” प्राचार्य शेवटी म्हणाले. “सहाच्या आत बाहेर पडायचं नाही. तुमचाच नियम.”

“तो मुलींसाठी. मी मुलगी नाही.” त्यांनी चपला घातल्या. “मुलाणींनी माझं नाव सांगितलं नाही कारण मी त्यांना कधी सांगू दिलं नसतं. आता मीच सांगितलंय. अजून कुणाला काही विचारायचंय?”

जाताना त्या मामांजवळ थांबल्या. “मुलाणी, औषध मारलं की माझ्या दाराला एक चिठ्ठी तरी लावत जा.”

“व्हय बाई. चुकलं,” मामा पाठमोरेच म्हणाले.

प्राचार्यांनी माझा अहवाल पुन्हा कधी काढला नाही. मामांनाही कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी किल्ल्या परत द्यायला मी बाईंच्या खोलीत गेले आणि चाचरत माफी मागितली. त्या पायांना खोबरेल चोळत बसल्या होत्या. तळव्यांची कातडी सोलवटली होती.

“तिसऱ्या दिवसापासून आग होत होती,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं थंडीनं भेगा पडल्यात. तुमच्या गवताला आठ दिवस लागले म्हणता ना? मला तीनच लागले.”

“तुम्ही बूट का नाही घेतले बाई?”

“घेतले असते तर कुठं ठेवले असते?” त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. “तुमची माफी कशाबद्दल आहे ते कळलं मला. पण तुम्ही आधी माझ्याकडे येऊन विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं असं वाटतं तुम्हाला?”

“सांगितलं असतं?”

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

त्यानंतर महिनाभर पहाटे मागच्या दाराची कडी वाजली नाही. मी जागी राहून ऐकत असे. त्यांचं जे एकटीचं होतं ते मी चव्हाट्यावर आणलं, असं वाटून मला अन्न गोड लागेना. मग जानेवारीत एकदा जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी ताट सरकवून सांगितलं, की उद्यापासून साडेपाचला मागचं दार उघडेल, ज्यांना पळायचंय त्यांनी यावं, गप्पा मारायच्या असतील त्यांनी झोपावं. पहिल्या दिवशी बावीस जणी आल्या. आठवड्यानं सात उरल्या. मी स्वतः चौथ्या दिवशी सोडलं.

पण त्याआधी, डिसेंबरात, स्पर्धा झाल्या. खराडे सरांनी पिवळी पावलं खणून काढून तिथे ताज्या हरळीचे गड्डे बसवले होते. मुलींची चारशे मीटरची शर्यत लागली तेव्हा बर्गेबाई मंडपात दुसऱ्या रांगेत होत्या, खळीच्या साडीत, हातात पाकिटं आणि श्रीफळांची यादी. मी पाणी प्यायला पंपाच्या खोलीकडे गेले. मामा पायरीवर बसून शर्यत बघत होते. पोरी शेवटच्या वळणावर आल्या तसे ते उभे राहिले, आणि शर्यत संपल्यावर पुन्हा बसले.

“मामा, अकरा वर्षं रोज बाईंना पळताना बघितलंत की तुम्ही,” मी म्हणाले.

“बगितलं? न्हाई मॅडम.” ते दचकलेच. “पयल्या दिवशी वळखलं तेवडंच. मग दार वाजलं की मी पंपाकडं तोंड करून बसायचो. बाई आत गेल्या, कडी लागली, की मग उटायचो.”

“रोज?”

“रोज. परवाच्याला बी न्हाई बगितलं.” त्यांनी पेला धुऊन माझ्या हातात दिला. मग आवाज खाली आणून, कुणी ऐकत नाही ना हे बघून, म्हणाले, “मॅडम, खरं सांगा. लई जोरात पळत्यात व्हय बाई? माझ्या कानाला तसं वाटायचं.”

“हो मामा,” मी म्हणाले. “लई जोरात.”

त्यांनी मान हलवली, दोनदा. मग बादली उचलून ते पाणी भरायला गेले.